भट्टीमागचं अंजीर

ताईच्या हाताला गुण आहे, हे सगळ्या गल्लीने मान्य केलं होतं, आणि ताईने तर गल्लीच्याही आधी. का नाही करणार? गाव डोंगराच्या कुशीत. ऊन वर येईपर्यंत धुकं हटायचं नाही, वाळत घातलेले कपडे बारा महिने कुबट वास मारायचे. अशा जागी अंजीर? पण या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या परसात, भावाच्या बेकरीच्या मागच्या भिंतीला लागून, अंजिराचं झाड होतं आणि ते दर वर्षी पिकायचं. जांभळी, मऊ फळं, बुडाशी मधासारखा थेंब. कपडे न्यायला आलेल्या प्रत्येक बाईच्या हातावर ताई एकेक अंजीर ठेवायची आणि वर ऐकवायची, "पाणी काय हो, कुणीही घालतं. झाडाला माया लागते."

बढाईच होती, पण तिला दुसरं होतं तरी काय? नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. धाकट्या भावाने बेकरीमागची खोली दिली, तिथे ती, तिचं मशीन आणि हे झाड.

यंदा मात्र झाडाने तोंड फिरवलं. फळं सुपारीएवढी झाली आणि तिथेच अडून बसली. हिरवीगार, टणक. ताईने खत घातलं, रोज पानांवर पाणी शिंपडलं, धुकं बाधू नये म्हणून सगळं झाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. आत पाणी साचलं, पानांवर बुरशी चढली.

शेवटी तिने रोपवाटिकेतल्या माळ्याला गाठलं. त्याने आल्या आल्या प्लॅस्टिक ओढून काढलं.

"बाई, वाफारा देताय काय? सर्दी झाली नाहीये त्याला."

"चेष्टा पुरे. पिकत का नाही ते सांगा."

"पिकताना याला कोरडी ऊब लागते. दिवसा तिशीच्या वर पारा पाहिजे आणि हवा सुकी. ओल वाढली की एक तर बुरशी धरते, नाहीतर फळ फुटून आंबतं. आपल्याकडे ऊब नाही आणि ओल म्हणाल तर भिंतीतून पाझरते. आजवर पिकत होतं कसं, तेच मला नवल."

"माझ्या हाताला..." ताईने सुरुवात केली.

माळ्याने झाडामागच्या भिंतीवर तळवा टेकला. "पलीकडे काय आहे?"

"भावाची भट्टी."

"चालू आहे?"

ताईनेही हात लावला. भिंत गार होती. गार असणारच की! भावाला दम लागायला लागला, डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितला, म्हणून याच वर्षी दुकानात पुढच्या बाजूला विजेची भट्टी आली होती. सगळ्यांत जास्त आनंद ताईलाच झाला होता. पण भट्टी विझली म्हणजे भिंत विझली, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

स्वतःचीच फजिती सांगायला ती हसत हसत बेकरीत गेली. भावजय ट्रे पुसत होती.

"ऐकलंस का? गुण माझ्या हाताचा नव्हताच मुळी! तुझ्या नवऱ्याच्या भट्टीचा निघाला."

भावजय हसली नाही. "वन्सं, तुम्हाला हे आत्ता कळलं?"

"म्हणजे?"

"सुट्टीच्या दिवशी बाकीच्यांच्या भट्ट्या विझायच्या. आमची कधी विझलेली पाहिलीत? पहिल्या वर्षी सुट्टीत भिंत गार पडली, तुमची सगळी फळं गळली, तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तेव्हापासून हे सुट्टीलाही लाकडं सारत बसायचे. पाव नाही, गिऱ्हाईक नाही, नुसता धूर खायचा. मी भांडले तर म्हणायचे, ताईच्या कानावर गेलं तर याद राख." तिने डोळे पुसले. "डॉक्टर म्हणाले, जरा विश्रांती मिळाली असती तर छाती इतकी बिघडली नसती."

जे अंजीर ताई 'माझ्या मायेचं' म्हणून वाटत होती, त्यात भावाचा श्वास गेला होता. आता कुठून आणायचा तो परत? कुणाच्या पाया पडायचं?

आतल्या खोलीतून शिट्टीसारखा श्वास ऐकू आला. धाकटा दारात येऊन उभा राहिला होता.

"हिचं काय ऐकतेस... माळी काय म्हणाला ते सांग. ऊबच हवी ना? जुनी भट्टी... आहे अजून. लाकडंही आहेत. चार दिवस पेटवतो. फळं तर... धरलेलीच आहेत."

"डोकं फिरलंय का तुझं? माझ्या गळ्याची शपथ आहे."

"शपथेने अंजीर पिकतं का गं?" तो हसला आणि खोकत राहिला.

भावजय हळूच म्हणाली, "ऐकायचे नाहीत, वन्सं. माझी पाठ वळली की पेटवतील."

ताईला ठाऊक होतं. लहानपणापासून हा असाच. एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायचा नाही.

ती परसात गेली, स्टुलावर चढली आणि फळं तोडायला लागली. खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत एकही ठेवलं नाही. प्रत्येक देठातून पांढरा चीक ठिबकत होता. शिवणाची टोपली भरली, तशी तिने ती नेऊन भावापुढे ठेवली.

"घे. आता पेटव भट्टी कुणासाठी पेटवायची ती."

तो टोपलीकडे बघतच राहिला. "हे काय केलंस? कच्चं काढलेलं पिकत नाही गं, ताई."

"माहीत आहे."

त्याने एक अंजीर उचललं आणि पाव भाजलाय का ते बघावं तसं अंगठ्याने दाबलं. दगड होता नुसता.

"पुढच्या वर्षी..." त्याने सुरुवात केली आणि मध्येच दम लागला. हाताने त्याने खूण केली, थांब, सांगतो.

ताई थांबली. बोटांवर चीक वाळून आग होत होती, पण ती हात धुवायला गेली नाही. भाऊ श्वास गोळा करत होता, आणि त्याचं ते वाक्य काही केल्या पुरं होत नव्हतं.