तोंडातली पिन

थोरली जाऊ परीक्षकाच्या खुर्चीत बसलेली दिसली, तेव्हाच धाकटीच्या मनात आलं, झालं, आता कुंपणच शेत खाणार. परीक्षकाचं उमेदवाराशी रक्ताचं नातं नसावं, एवढाच नियम होता. या पडल्या जावा. रक्ताचं सोडाच, त्यांच्यात धड बोलण्याचंही नातं उरलं नव्हतं.

केस कापायचे, रंगवायचे, बांधायचे तर परीक्षा द्या आणि परवाना घ्या, नाहीतर कात्रीला हात लावू नका, असा कायदा झाला होता. ज्यांचं सलून कायद्याच्या आधीपासूनचं, त्यांना मात्र परीक्षा माफ. थोरलीचं सलून जुनं, त्यामुळे परवाना तिच्याकडे घरबसल्या चालत आला. तिनं तो सोनेरी चौकटीत घालून आरशाच्या वर टांगला आणि त्या दिवसापासून तिची मान जरा जास्तच ताठ झाली. पुढं संघटनेनं तिला परीक्षकही करून टाकलं.

धाकटी तिच्याच हाताखाली राबायची. काम हिचं, नाव तिचं. गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "धाकट्या बाई आहेत ना?" आणि थोरलीच्या कपाळावर आठी उमटायची. हिला परवाना मिळाला की ही कोपऱ्यावर स्वतःचं सलून टाकणार आणि निम्मी गिऱ्हाइकं हिच्या मागून जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

परीक्षेला डोकं आपलं आपण आणायचं होतं. धाकटीनं सासूला आणलं. म्हातारीचे केस अजून दाट होते. दोन सुना एका खोलीत आणि आपल्याला हलायची बंदी, या विचारानं ती खुर्चीत अंग चोरून बसली होती. दुसरे परीक्षक सरकारी निरीक्षक होते. केसांशी त्यांचा स्वतःचा संबंध तुटून बरीच वर्षं झाली होती.

धाकटीनं हात धुतले. कंगवा जंतुनाशकात बुडवला, टॉवेल बदलला, भांग सरळ पाडला. थोरली खुर्चीभोवती घारीसारखी फिरत होती, पण बोट ठेवायला जागा सापडत नव्हती. मग अंबाड्याची वेळ आली. पीळ घातलेले केस डाव्या हातात, ते सोडले की सगळं सुटणार. उजव्या हातानं ट्रेमधली पिन उचलली आणि दातांनी ती उघडायचं आपलं रोजचं काम केलं.

"थांब," थोरली म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. "पिन तोंडात घातली. लिहा साहेब. थुंकी लागलेली पिन गिऱ्हाइकाच्या डोक्यात. नापास."

धाकटीचे कान तापले. सलूनमधल्या पहिल्याच दिवशी पिन उघडताना ती चाचपडली होती, तेव्हा हीच बाई म्हणाली होती, देवानं दात काय नुसते जेवायला दिलेत?

"तुम्हीच शिकवलंत हे, जाऊबाई."

"मी? काहीतरीच काय बोलतेस."

"मला काही टोचलं-बिचलं नाही हो," सासू हळूच म्हणाली.

"आई," थोरलीनं दटावलं, "इथं तुम्ही फक्त डोकं आहात. डोक्यानं बोलायचं नसतं."

निरीक्षकांनी नियम वाचून दाखवला. नापास उमेदवाराला परीक्षकांनी योग्य पद्धत करून दाखवावी. पुढची परीक्षा वर्षानंतर, आणि तोवर पुन्हा परवानाधारकाच्या हाताखाली काम केल्याच्या सह्या हव्यात. गावात दुसरं कोणी हिला ठेवून घेणार नव्हतं, थोरलीनं तेवढी तजवीज केव्हाच करून ठेवली होती. म्हणजे आणखी एक वर्ष तिचेच टोमणे. धाकटीला रडू आलं, पण थोरलीसमोर रडायचं नाही म्हणून तिनं ते गिळलं.

थोरलीनं हात धुतले आणि सासूचे केस हातात घेतले. "नीट बघ. पिन बोटांनीच उघडायची. अंगठ्याचं नख मध्ये सरकवायचं. वेळ लागला तरी चालेल, पण तोंडाचा आणि पिनेचा काडीचाही संबंध..."

बोलता बोलता तिचा आवाज बंद झाला, म्हणून सगळ्यांनी आरशात पाहिलं. पिन तिच्या दातांत होती. जित्याची खोड. तिला स्वतःला अजून पत्ता नव्हता.

"साहेब, आणि हे?" धाकटीनं विचारलं.

निरीक्षकांनी आरशाकडे पाहिलं, मग कागदाकडे. "परीक्षा तुमची आहे, बाई. त्यांना माफ आहे." आणि त्यांनी सही करून टाकली.

धाकटीचं रडू तिथल्या तिथं आटलं. उरला तो नुसता संताप, आणि तो तिला बरा वाटला. तिनं पिनांचा ट्रे उचलला आणि थोरलीच्या हनुवटीखाली धरला.

"सोमवारी येते कामाला, जाऊबाई. वर्षभर येते. रोज अशीच ट्रे घेऊन तुमच्या शेजारी उभी राहीन, आणि पिन तोंडात गेली की गिऱ्हाइकासमोर सांगेन, काढा. सह्या मात्र वेळच्या वेळी करा."

थोरलीला याचं चांगलं खरमरीत उत्तर द्यायचं होतं. पण दोन्ही हात सासूच्या केसांत अडकले होते आणि तोंडात पिन होती.