पंचेचाळीस मिनिटांची पाखाडी

हुसेनमियाँ मूळचे बाणकोटचे. दगडाचं काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि त्यातली बावीस वर्षं सौदीत. अबहाच्या वरच्या डोंगरावर पर्यटकांसाठी दगडी वाट बांधायचं काम निघालं, तेव्हा दम्मामच्या कॅम्पातून जी माणसं इकडे पाठवली त्यांत ते होते आणि केरूही होता. केरू मंडणगडचा, तिशीचा. छिन्नी कशी धरायची इथपासून सगळं त्याला हुसेनमियाँनीच शिकवलं होतं. तो त्यांना चाचा म्हणायचा.

डोंगर देखणा होता. नऊ हजार फुटांवर अरारची झाडं, सुरूसारखी पण वाकडीतिकडी. पश्चिमेकडे कडा एकदम तुटलेला आणि खाली तिहामाचं खोरं. दुपार कलली की त्या खोऱ्यातून धुकं वर चढायचं. कॅम्पातले बाकीचे त्या दगडी पायऱ्यांच्या वाटेला ट्रेल म्हणत. हुसेनमियाँ पाखाडी म्हणत. "आपल्या गावात मशिदीपासून बंदरापर्यंत जाते ना, तशीच," असं ते सांगत. आठ महिन्यांत पाखाडी माथ्यापर्यंत पोचली.

काम संपत आलं तेव्हा सौदी इंजिनियरने सुपरवायझर विनोदला एक घड्याळ दिलं. मनगटावर बांधलं की ते पावलं, वेळ आणि छातीचे ठोके नोंदवायचं. खाली पाटी लावायची होती, चढायला किती वेळ लागतो याची. "साठीचा एखादा माणूस चालवून बघ," इंजिनियर म्हणाला, "आणि जो वेळ येईल तो लिही."

विनोदने मात्र वरच्या ऑफिसला आधीच कळवून टाकलं होतं: पंचेचाळीस मिनिटं, वयस्करांनाही जमेल अशी सोपी चढण.

कॅम्पात साठी ओलांडलेले एकटे हुसेनमियाँच होते.

पहिल्या दिवशी त्यांना मजा वाटली. विनोदने नवी टोपी दिली, बूट दिले. सोबत केरूला धाडलं. आठ महिने ज्या वाटेवर वाकून दगड बसवले, तिच्यावर ते पहिल्यांदाच ताठ मानेने चालत होते. मध्येच थांबून पायाने एखादा दगड दाबून बघत. "हा रमजानात बसवला. हलतोय का बघ." हलत नव्हता. तिसऱ्या वळणावर माकडांचं एक टोळकं कठड्यावर बसलं होतं. ते बाजूला होईपर्यंत दोघं थांबले. पाचव्या वळणावरून सगळं खोरं दिसायचं, तिथे हुसेनमियाँ बाकावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"केरू, इथे राहून आपण हे कधी बघितलंच नाही रे."

माथ्यावर पोचेपर्यंत बहात्तर मिनिटं झाली.

"तुम्हाला बघायला पाठवलं नव्हतं," विनोद म्हणाला. "चालायला पाठवलं होतं. उद्या परत."

दुसऱ्या दिवशी एकसष्ट मिनिटं झाली. विनोदने त्याच दुपारी पुन्हा चढायला लावलं. या वेळी हुसेनमियाँ चौथ्या वळणावर कठडा धरून उभे राहिले. ओठ काळसर झाले होते. केरूने पाणी दिलं. वर पोचल्यावर घड्याळात अठ्ठावन्न मिनिटं होती.

संध्याकाळी केरू विनोदच्या खोलीवर गेला.

"विनोददादा, घड्याळ मी बांधतो. मी चाळीस मिनिटांत वर जातो. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास?"

विनोद जेवत होता. त्याने मान वर केली नाही.

"ते घड्याळ ठोकेही दाखवतं. तुझे ठोके बैलाचे. इंजिनियर काय खुळा आहे?" मग घास गिळून तो म्हणाला, "तुझा रजेचा अर्ज माझ्याकडेच आहे ना? बायको कुठल्या महिन्यात आहे तुझी?"

"आठव्या."

"किशोरी नाव ना तिचं?"

केरूने मान हलवली.

"उद्या इंजिनियर आठ वाजता माथ्यावर येणार. त्याच्यासमोर म्हातारा पंचेचाळीस मिनिटांत वर आला पाहिजे. तू मागे राहा. त्याला थांबू देऊ नको. काय करायचं ते कर."

सकाळी थंडी होती. दगडांवर दव होतं. हुसेनमियाँनी घड्याळ बांधून घेतलं आणि पायऱ्यांकडे बघत म्हणाले, "आज सावकाश जाऊ रे. रात्रभर छातीत भरून आल्यासारखं होतं."

"आजच्या दिवस, चाचा. मग संपलं."

पहिली दोन वळणं ते बरे चालले. तिसऱ्याला पावलं जड झाली. केरूने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सुरुवातीला तो हात नुसता आधाराला होता. पुढे त्याने रेटायला सुरुवात केली. सदरा घामाने भिजून थंडगार झाला होता आणि त्याखाली बरगड्या जोरजोराने वरखाली होत होत्या, हे त्याला तळहातावर कळत होतं.

पाचव्या वळणावर हुसेनमियाँ बाकाकडे वळले.

"दोन मिनिटं."

"वर गेल्यावर बसा."

"केरू, दोन मिनिटं बसू दे मला."

केरूने त्यांचा दंड धरला आणि त्यांना वाटेवर परत ओढलं. "चाचा, माझी रजा अडकलीय," तो म्हणाला. "यल्ला, चला."

हुसेनमियाँनी त्याच्याकडे बघितलं. त्यानंतर ते कुठेच थांबले नाहीत. केरूचा हात माथ्यापर्यंत त्यांच्या पाठीवरच होता. फक्त शेवटच्या वळणावर, माथ्यावरच्यांना ते दिसू लागल्यावर, त्याने तो काढून घेतला.

चव्वेचाळीस मिनिटं. विनोदने टाळ्या वाजवल्या. सौदी इंजिनियर कठड्यापाशी उभा होता. त्याने हुसेनमियाँना खुर्ची दिली, थर्मासातला चहा दिला. मग आपल्या फोनवर घड्याळातली नोंद बघितली आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने ती नोंद दोनदा बघितली.

"हा माणूस आजारी आहे," तो विनोदला इंग्रजीत म्हणाला. "याला आजच डॉक्टरकडे न्या. याने असं काम करता कामा नये."

तो मनापासून बोलला होता. त्याच दिवशी त्याने स्वतःच्या गाडीतून हुसेनमियाँना खाली दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी तपासून कागदावर लिहिलं, श्रमाच्या कामास अयोग्य. तो कागद कंपनीच्या ऑफिसात गेला. जो माणूस कामाला अयोग्य, त्याला ठेवून काय करायचं? नवव्या दिवशी फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, आला. इकामा, तिथे राहण्याचा परवाना, जमा करून घेतला. हुसेनमियाँ ऑफिसात गेले आणि म्हणाले की मी बसून छिन्नीचं काम करीन, मला दोन वर्षं द्या. क्लार्क म्हणाला, खलास, बाबा, सही झालीय.

खाली पाटी लागली. पंचेचाळीस मिनिटं, सोपी चढण.

केरूची रजा मंजूर झाली. तिकीट निघालं ते हुसेनमियाँबरोबरच. विनोदनेच एकत्र काढलं होतं. "तुझ्या चाचाला सांभाळून ने," तो म्हणाला, आणि तो थट्टा करतोय की नाही, हे केरूला समजलं नाही.

अबहाहून जेद्दाला येईपर्यंत हुसेनमियाँ शेजारी बसूनही खिडकीकडे तोंड करून होते. जेद्दाच्या विमानतळावर पाच तास थांबायचं होतं. केरूने दोन चहा आणले. हुसेनमियाँनी चहा घेतला.

"चाचा," केरू म्हणाला, "मी काय करणार होतो? तुम्हीच सांगा."

हुसेनमियाँनी चहाला फुंकर घातली. "मी सांगितलं होतं तुला," ते म्हणाले. "दोन मिनिटं."

मग त्यांनी फोन काढून बायकोला लावला. नूरुन्निसा बाणकोटात वाट बघत होती. छातीचं दुखणं तिला माहीत नव्हतं.

"हो, निघालो. कायमचाच येतोय. कंटाळलो आता. नाही गं, तब्येत बरी आहे." त्यांनी केरूकडे बघितलं. "केरू सोबत आहे ना. तोच, मंडणगडचा. घे, बोल त्याच्याशी."

त्यांनी फोन केरूच्या हातात दिला.

"बाबा केरू," तिकडून नूरुन्निसाचा आवाज आला, "हे नेहमी सांगतात, केरू आहे म्हणून मला परदेशात पोरगा आहे. तू यांना एवढ्या लांब सांभाळलंस. तुझ्या बायकोची सुखरूप सुटका होवो. मूल झालं की घेऊन ये आमच्याकडे. येशील ना?"

समोर हुसेनमियाँ त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी नजर हलवली नाही.

"येशील ना रे?"

"येतो, चाची," केरू म्हणाला.

"अल्ला तुझं भलं करो."

हुसेनमियाँनी हात पुढे करून फोन परत घेतला आणि खिशात ठेवला. चहाचा कप संपवून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग आपली पिशवी उचलून ते पलीकडच्या रांगेत, केरूकडे पाठ करून बसले.