पिवळ्या उजेडातली पोर

मित्रांनो, शिरवणे गावातल्या एका घरात खुंटीला टांगलेला जुना कंदील मी. बयाबाईंनी मला पनवेलच्या बाजारातून आणलं. रोज राखेने माझी काच पुसत त्या शेजारणींना सांगत, "यासारका कंदील गावात न्हाय!" त्या कौतुकाने मी शेफारलो होतो, हे कबूल करतो.

१९७४ साली त्यांची सून शेवंता बाळंत झाली. घरात वीज नव्हती. बाळंतिणीला वारा-उजेड लागू नये म्हणून खिडकीवर जाड गोधडी टांगली आणि मला दिवसाही पेटता ठेवलं. तिसऱ्या दिवशी नातीकडे बघून बयाबाई हरखल्या, "रंग बघ गो पोरीचा, सोन्यावानी हाय!" मला वाटलं, माझ्यामुळेच ती एवढी छान दिसते.

पाचव्या दिवशी पोर दूध ओढेना, रडेना. शेवंता तिच्या टाचेला टिचक्या मारून थकली.

दुपारी आरोग्य केंद्रातल्या जयमाला नर्स आल्या. "आजी, गोधडी काढा. बाळाला नीट बघू द्या."

"सवा महिना उजेड दावायचा न्हाय!" बयाबाई आडव्या आल्या.

"या कंदिलाच्या उजेडात तुमी-आमी सगळेच पिवळे दिसतो, आजी!"

नर्सबाईंनी मला फुंकर मारली आणि गोधडी ओढून काढली. पोरीचे डोळे पिवळे, तळपायसुद्धा पिवळे. कावीळ! आणि इतके दिवस ती मीच झाकली होती.

"लगेच मोठ्या इस्पितळात न्या. फार वाढली तर मेंदूला इजा होते, कान जातात."

पोरीचा बाप भगवान तो कामाला होता त्या कारखान्याची गाडी घेऊन धावत आला. पुढे आठ दिवस मला कुणी पेटवलं नाही. इस्पितळात पोरीचं रक्त बदललं, तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं, असं कानावर आलं. एक दिवा तिला वाचवत होता, पण तो मी नव्हतो.

पोर घरी आली, तरी बयाबाईंच्या जिवाला घोर होताच. हिला ऐकू येत असेल ना? एका सकाळी पोर खिडकीपाशी झोपली असताना त्यांनी मागून ताटावर पळी हाणली. पोर दचकली आणि टाहो फोडून रडली. तिला उराशी धरून बयाबाई तिच्याहून मोठ्याने रडल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ आलं तर त्याला रोज दिवसाच्या उजेडात निरखा. अंग पिवळं दिसलं, बाळ दूध ओढेनासं झालं, तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि खोलीत माझ्यासारखा कुणी पेटलेला असेल, तर त्याला आधी विझवा. त्याला वाईट वाटणार नाही.