दोन्हीकडं दिसत होतं

"कचऱ्याच्या डब्यात बघितलंस काय नीट?" नाथाजीकाकांनी विचारलं.

मायानं पुन्हा बघितलं. पडद्यावरचा तो इवलासा डबा रिकामाच होता. काल दुपारपर्यंत 'बाबा' नावाचा फोल्डर होता, आज कुठंच नव्हता. त्यात तिच्या वडिलांची, यल्लाप्पांची, सगळी गाणी होती.

सांगलीतल्या या छापखान्यात माया टायपिंग करायची. एरवी लग्नपत्रिका, सध्या निवडणुकीची पत्रकं. मालक नाथाजीकाका लष्करातून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरसुद्धा बंदुकीसारखा रोज पुसायचे. माणूस मात्र मऊ. संध्याकाळी काम उरकलं की तिला मशीन वापरू द्यायचे. मग यल्लाप्पा यायचे, शेजारी बसून भीमगीतं गायचे आणि ती ऐकत ऐकत टाईप करायची. गाणी त्यांची स्वतःची, तासगाव भागातल्या गावागावांत गायलेली. त्यांना लिहिता येत नव्हतं आणि साथीचे दोघं केव्हाच गेले होते. माया म्हणायची, निदान झालेली पानं छापून ठेवू. त्यावर यल्लाप्पांचं उत्तर ठरलेलं. "सुटी पानं वाऱ्यावर जात्यात. बुकच कर."

गाणी उतरवून संपली आणि मिरजेत त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता, स्वरयंत्रच काढलं. घरात सगळे म्हणाले, नशीब, गाणी तेवढी वेळेवर उतरली. या नशिबाचं पुढं काय झालं ते सांगायलासुद्धा जिवावर येतं.

त्या सुमारास कराडच्या एका इंजिनिअरनं मायाचं मशीन आणि काकांचं मोठं मशीन वायरीनं जोडून दिलं होतं. आता तुमचं काम दोन्हीकडं दिसेल, असं सांगून तो गेला. मायानं आपल्या मशीनवर 'बाबा' उघडून बघितला, मग काकांच्या टेबलाशी जाऊन तिथंही उघडला. गाणी दोन्हीकडं होती. तिची एक फ्लॉपी आधीच खराब झाली होती, त्यामुळं हे बघून तिला केवढा धीर आला.

परवापासून पत्रकांवरचे फोटो मशीनमध्ये मावेनात. काल दुपारी काकांनी तिला तिचं स्वतःचं जे काही असेल ते काढायला सांगितलं. मोठ्या मशीनमध्ये एक प्रत आहेच, असा विचार करून तिनं स्वतःकडचा फोल्डर पुसला. खरंच पुसू का, असं मशीननं विचारलंसुद्धा. तिनं बिनदिक्कत हो म्हटलं.

आज बघितलं तर मोठ्या मशीनवरही फोल्डर नव्हता. काकांनी कराडला फोन लावला. इंजिनिअर म्हणाला, जोडतानाच सगळं काम मोठ्या मशीनमध्ये हलवलं होतं, गाणी फक्त तिथंच होती, मायाच्या मशीनवरून ती नुसती दिसत होती. खोली एकच, दारं दोन. वायरीवरून पुसलेलं कचऱ्याच्या डब्यातही जात नाही. आणि त्या जागेवर कालपासून पत्रकांचा ढीग पडला होता. आता काही मिळायचं नाही, असं तो सरळच म्हणाला.

"काका, दोन्हीकडं दिसत हुतं वो," माया म्हणाली.

"दिसत हुतं पोरी. हुतं एकच."

घरी गेल्यावर तिनं वडिलांना सगळं सांगितलं. वायर, दोन मशीनं, सगळं. त्यांनी रागवावं, निदान तोंड फिरवावं, असं तिला फार वाटत होतं. ते ऐकत राहिले. गळ्याच्या भोकावरचं फडकं श्वासागणिक हलत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते छापखान्यात आले. काकांनी मशीन चालू करून दिलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. यल्लाप्पा मायाच्या शेजारी बसले. त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि ओठ हलवायला सुरुवात केली. माया ओठांकडं बघत राहिली. टाईप करताना गाणी तिच्या कानांतून बोटांत गेली होती, डोक्यात काही उरलं नव्हतं. एक धृपद तेवढं आठवलं. तिनं टाईप केलं, 'वेशीबाहेरचा दिवा, आता वेशीत आला गं.'

यल्लाप्पांनी पडद्याकडं बघून मान हलवली. वाचता येत नव्हतं, पण ओळ उमटली एवढं त्यांना दिसलं. मग पुढच्या कडव्यासाठी त्यांनी डोळे मिटले.

"बाबा, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

त्यांना ते ऐकू गेलं नसावं. रंगात आल्यासारखी त्यांची मान डोलत होती. कडवं संपलं की ते क्षणभर थांबत, तिची बोटं चालायला वेळ देत. आणि टकटक थांबली म्हणून त्यांनी डोळे उघडून बघू नये, यासाठी माया कीबोर्डच्या हाताला येतील त्या कळा नुसत्याच दाबत राहिली.