तिघी सोडून गेल्या त्या वर्षी

मित्रांनो, एकवीस वर्षांची जुनी होडी आहे मी. मासे धरायची नव्हे, शर्यतीची. लांबीला तेरा मीटर आणि रुंदीला इतकी कमी की आत बसणाऱ्याने नीट तोल सांभाळला नाही तर मी कलंडलेच. चौघीजणी एकामागे एक बसून मला वल्हवतात. त्यांची पाठ पुढच्या दिशेला असते, त्यामुळे आपण कुठे चाललो आहोत हे त्यांना दिसत नाही. दिसते ते फक्त पाचवीला. ती माझ्या पुढच्या टोकात उताणी पडून सुकाणू धरते आणि चौघींना हाका देत राहते. तिला कॉक्स म्हणतात. तिची पाठ माझ्या तळाला टेकलेली असते, म्हणून तिच्या छातीतली धडधड मला सगळ्यांच्या आधी कळते.

तोक्योजवळच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. कार्बनच्या काळ्या कापडाचे थर साच्यात अंथरून, त्यात राळ जिरवून मला घडवले. माझे पहिले घर म्हणजे तोक्योतले एक मोठे, नावाजलेले विद्यापीठ. तिथे पाच वर्षांत मी तीन करंडक आणले. शर्यत जिंकली की मुली माझ्यासोबत फोटो काढत. मग एके दिवशी माझ्यापेक्षा हलकी नवी होडी आली, आणि मला ट्रकवर चढवून कासुमिगौरा तळ्याकाठच्या एका छोट्या विद्यापीठाला देऊन टाकले.

इथे ना दिमाख होता, ना गर्दी. प्रशिक्षक एकच, ओगुरा. आदराने सगळे त्यांना ओगुरा-सान म्हणत. दिवसा ते टपाल कचेरीत नोकरी करत आणि पहाटे आमच्याकडे येत. मुली पुरेशा नसत तेव्हा मी दोन-दोन वर्षे सर्वांत खालच्या फळीवर पडून राहिले. कोळ्यांनी माझ्यात घरे केली. पण मुली आल्या की ओगुरा-सान मला बाहेर काढत आणि सराव संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय घरी जात नसत.

अशाच एका वर्षी अनघा आली. तिचे वडील हेमचंद्र त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत पदार्थविज्ञानाचे काम करतात. अनघा चार वर्षांची असताना हे कुटुंब पुण्याहून इकडे आले. घरात मराठी, बाहेर जपानी, आणि रागावली की दोन्हींची खिचडी, अशी ही मुलगी. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज असा खणखणीत की तळ्याच्या पलीकडच्या काठावरचे बगळे उडत. ओगुरा-सानांनी तिला पहिल्याच दिवशी माझ्या पुढच्या टोकात झोपवले.

दोन वर्षांत अनघाने आणि चौघींनी मिळून मला पुन्हा शर्यतीची होडी बनवले. त्या चौघींत मिझुकी सर्वांत ताकदवान होती. वल्हे म्हणजे काय हे ती इथेच शिकली होती.

आणि मग नियम बदलला. पूर्वी खेळाडूने विद्यापीठ बदलले तर त्याला एक वर्ष शर्यतीत उतरता येत नसे. आमच्या नौकानयन संघटनेने ती अट काढून टाकली. मोठ्या विद्यापीठांना खेळाडूंना दरमहा मानधन द्यायचीही मोकळीक मिळाली. ऑक्टोबर संपायच्या आत मिझुकी आणि आणखी दोघी निघून गेल्या. कुठे? माझ्याच पहिल्या घरी.

जाताना मिझुकी बोटघरात आली होती. अनघा माझ्याशेजारी जमिनीवर बसली होती.

"आई आजारी आहे," मिझुकी म्हणाली. "दोन ठिकाणी पार्टटाइम काम करून मी थकले गं."

"जा तू," अनघा म्हणाली. "मी तुझ्या जागी असते तर मीही गेले असते."

मिझुकी गेल्यावर मात्र ती बराच वेळ माझ्या कडेला डोके टेकून बसून राहिली.

चौघींपैकी मागे उरली एकटी चिनात्सु. त्यातच विद्यापीठाचे पत्र आले. पुढच्या सप्टेंबरच्या प्रादेशिक शर्यतीत अंतिम फेरी गाठली नाही, तर क्लब बंद होणार आणि होड्या भंगारात जाणार. ओगुरा-सानांनी पत्र दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "अकरा महिने आहेत. मुली शोधा."

अनघाने शोधल्या. एक नर्सिंगची विद्यार्थिनी, रुग्णांना उचलून-उचलून दंड कमावलेली. एक पोहणारी. आणि तिसरी सायो, तिच्या घरी कमळकाकडीची शेती. कडाक्याच्या थंडीत कमरेएवढ्या चिखलात उभे राहून कमळकाकडी उपटणाऱ्या त्या मुलीच्या पाठीत केवढे बळ होते, हे मला तिच्या पहिल्याच ओढीत कळले. फक्त ते बळ भलत्याच दिशेला गेले आणि मी कलंडले, सगळ्या पाण्यात पडल्या.

जानेवारीत अनघालाही तोक्योच्या त्याच विद्यापीठाचे बोलावणे आले. फी माफ, राहायला खोली, वर मानधन. त्या रविवारी हेमचंद्र स्वतः बोटघरात आले.

"नाही म्हणायचं कारण काय, अनघा?" त्यांनी विचारले. "इथे तुझ्याकडे धड चौघी तरी आहेत का?"

"तीन नव्या आल्यात, बाबा."

"त्यांनी याआधी वल्हं कधी हातात धरलं होतं?"

"मी तरी कुठे सुकाणू धरलं होतं? ओगुरा-सानांनीच शिकवलं ना."

"ते भले गृहस्थ आहेत, मान्य. पण नुसत्या भलेपणावर क्लब चालत नाही."

अनघा म्हणाली, "मिझुकीला पैशांची गरज होती, म्हणून मी तिला एका शब्दानं अडवलं नाही. मला तशी गरज आहे का, बाबा? तुम्हीच सांगा."

बोलता बोलता हेमचंद्रांचा हात माझ्यावर पडला होता. त्यांनी बोटाच्या पेराने मला टकटक केले. थोडे पुढे सरकून पुन्हा केले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इथे आवाज बद्द येतोय. वरून पॉलिश केलंय, पण आतला थर सुटलाय. लाटांत नेली तर मधोमध मोडेल. कधीपासून वापरताय अशी?"

माझे दुखणे मला ठाऊक होते, मित्रांनो. पण होडीला सांगता कुठे येते?

"शनिवारी येतो," ते म्हणाले. "तोवर हिला पाण्यात उतरवू नका."

ते ओळीने चार शनिवार आले. सुटलेला थर त्यांनी कापून काढला, नवे कापड बसवले, राळ भरली, आणि थंडीत ती नीट घट्ट व्हावी म्हणून शेजारी दिवे लावून दिवसभर बसून राहिले. अनघाने राहावे की जावे यावर पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. चौथ्या शनिवारी हात पुसताना त्यांनी ओगुरा-सानांना एवढेच विचारले, "शर्यत सप्टेंबरात कितव्या तारखेला आहे?"

अनघाने तोक्योला नकार कळवला.

आमचे तळे मोठे आणि उथळ. जरा वारा सुटला की लाटा उठतात. इतर क्लब अशा वेळी परत फिरत. ओगुरा-सान काठावरून सायकलने येत ओरडायचे, "फिरू नका. वारा आपल्या घरचा आहे." मुलींच्या हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. नर्सिंगवाली सगळ्यांना पट्ट्या बांधायची. दमछाक झाली की अनघा नकळत मराठीत आकडे मोजू लागायची. एप्रिलपर्यंत चौघींना मराठीत दहापर्यंत मोजता येऊ लागले.

सप्टेंबर उजाडला. प्राथमिक फेऱ्यांतून सहा होड्या अंतिम फेरीत जाणार होत्या. आम्ही सहाव्या आलो.

ओगुरा-सानांनी माझ्याभोवती पाचही जणींना उभे केले. "क्लब वाचला," ते म्हणाले. "माझं मागणं एवढंच होतं. आता जे कराल ते तुमच्या स्वतःसाठी."

अंतिम फेरीच्या वेळी समोरून जोराचा वारा सुटला. दोन हजार मीटरच्या त्या सरळ जलमार्गावर पांढऱ्या लाटा उठल्या. हजार मीटरवर आम्ही चौथ्या होतो. शेजारच्या होड्यांची वल्ही लाटांवर आपटून चुकू लागली होती. आमच्या मुलींना मात्र हे रोजचेच पाणी होते. चिनात्सुची लय तसूभरही हलली नाही. एक होडी मागे पडली, मग दुसरी.

पुढे उरली फक्त तोक्योची नवी होडी. वल्हवणाऱ्यांची तोंडे मागच्या बाजूला असतात, त्यामुळे अनघाला मिझुकीचा चेहरा समोर दिसत होता आणि मिझुकीला आम्ही जवळ येताना.

"ती आपल्याकडे बघतेय," अनघा चौघींना म्हणाली. "घाई नको. लांब ओढा. आता दहा ओढी माझ्यासाठी."

आणि तिने मराठीत मोजायला सुरुवात केली. पाच म्हणेपर्यंत आम्ही बरोबरीला आलो. तिचे काळीज माझ्या तळावर घणासारखे आदळत होते. हेमचंद्रांनी जोडलेल्या जागेवर लाट थाडकन बसली, पण मी हूं की चूं केले नाही. दहा म्हणताच शेवटचा भोंगा वाजला.

हातभर अंतराने आम्ही जिंकलो होतो.

काठावर हेमचंद्र आणि ओगुरा-सान शेजारी उभे होते. एरवी नमस्कारापुरते वाकणारे ओगुरा-सान हेमचंद्रांचा हात धरून तो सोडायलाच तयार नव्हते. सायो पाण्यात पाय सोडून रडत होती आणि बाकीच्या हसत होत्या.

मिझुकी आमच्याकडे चालत आली. तिने ओगुरा-सानांना वाकून नमस्कार केला.

"मी गेले याचं मला वाईट वाटत नाही," ती म्हणाली. "पण मला घडवलं तुम्ही, आणि तुमच्या पदरात काहीच पडलं नाही, हे सलतं."

"आई कशी आहे?" त्यांनी विचारले.

"बरी आहे. चालू-फिरू लागली."

"मग पडलं की पदरात."

ते तेवढ्यावर थांबले, मिझुकी थांबली नाही. संघटनेच्या सभेत तिने हाच प्रश्न मांडला. अनघाने अकरा छोट्या क्लबांच्या कप्तानांच्या सह्या आणल्या. वसंतात नवा नियम झाला. खेळाडू मोकळेपणाने जाईल, त्याला मानधनही मिळेल. मात्र त्याला नेणाऱ्या क्लबाने, तो जिथे घडला तिथे दरवर्षी दोन महिने आपला प्रशिक्षक पाठवायचा. यंदा आमच्याकडे चौदा नव्या मुली आल्या आहेत, आणि खालच्या फळीवर एकही होडी उरलेली नाही.

मित्रांनो, जिंकणाऱ्यांना त्यांच्या घामाचे मोल जरूर मिळावे. त्यांना हवे तिथे जाऊ द्यावे. पण तुमच्या गावातही एखादे लहानसे मैदान असेल, आखाडा असेल, एखादा पोहण्याचा तलाव असेल, जिथे कुणीतरी नवशिक्यांना हाताला धरून शिकवत असेल. अधूनमधून तिथे जा. काय मोडले, काय सुटले ते हात लावून बघा आणि वेळेवर दुरुस्त करा. तेवढे तुम्ही करा. जिंकायचे काम आमच्यावर सोपवा.