देवपुजारी साहेबांचं अपग्रेड

माझे यजमान वारले त्याला तीन वर्षं झाली, पण नागपूर विमानतळावर अपग्रेडच्या यादीत त्यांचं नाव अजून पहिलं असतं. दुसरं माझं.

ते ट्रान्सफॉर्मर तपासायला देशभर फिरत. आठवड्यातले चार-पाच दिवस विमानात, म्हणून विमान कंपनीनं त्यांना गोल्ड कार्ड दिलं होतं. त्या कार्डावर लाउंजमध्ये बसता येतं आणि सोबत एक पाहुणा नेता येतो. पाहुणी मी. महिन्यातून एकदा मी बंगळूरला मुलीकडे निघते, आणि विमान सुटेपर्यंतचे दोन तास आम्ही गप्पा मारत बसतो. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला सलग दोन तास कधी दिले नव्हते. विमान कंपनीची मी मनापासून आभारी आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी पोचले तर लाउंज आणखी अरुंद झालं होतं. सुरुवातीला तो चांगला मोठा हॉल होता. दर खेपेला भिंती थोड्या आत येतात. आता दोन खुर्च्या आणि कॉफीचं मशीन एवढंच मावत होतं. यजमान भिंतीला खांदा टेकवून उपमा खात होते.

"बस," ते म्हणाले. "आज काजू घातलेत."

काउंटरवरची सायली आत आली. आम्हां दोघांना ती चांगली ओळखते.

"काकू, सरांचं कार्ड आज संपतंय. उद्यापासून त्यांना इथे बसता येणार नाही."

"मग कुठे बसतील?"

"ते मला सिस्टीममध्ये दिसत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आज अपग्रेड झालं तर त्यांची सोय होईल. बिझनेस क्लासमध्ये एक सीट रिकामी आहे."

एक सीट नेहमीच रिकामी असते. शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी प्लॅटिनम कार्डवाला येतो आणि आमची नावं खाली सरकतात. यजमान दर वेळी "नियम आहे" म्हणत आणि परत लाउंजमध्ये जाऊन बसत. मला राग येई. ते परत जाऊन बसले की बरंही वाटे.

गेटवर प्लॅटिनमवाला आलाच. पन्नाशीचा, दमलेला, खांद्याला लॅपटॉपची बॅग. स्क्रीनवर त्याचं नाव सगळ्यांत वर चढलं. यजमानांनी लाउंजच्या दिशेनं पाहिलं. तिथे आता नुसतं दार होतं, भिंतीला चिकटवल्यासारखं.

मी त्या गृहस्थांकडे गेले. "ही सीट आज यांना द्याल का? तीन वर्षं थांबलेत."

त्यांनी यजमानांकडे पाहिलं. यजमान संकोचून बोर्डिंगची पाटी वाचू लागले.

"बसू द्या त्यांना, ताई," ते गृहस्थ म्हणाले. "मला मागेही झोप लागते."

सायलीनं नवा बोर्डिंग पास दोन्ही हातांनी यजमानांना दिला. तिचे डोळे भरून आले होते. त्यांनी तो दोनदा वाचला.

"कुमुद, तुझं काय?"

"माझं होईल सावकाश. तुम्ही जा."

ते पहिल्या रांगेत बसले, मी सत्ताविसाव्या. प्लॅटिनमवाले माझ्या शेजारी होते आणि खरंच झोपले. विमान वर गेल्यावर मधला पडदा ओढला गेला. थोड्या वेळानं हवाईसुंदरी चिनी मातीची प्लेट घेऊन आली. तिच्यात अर्धा पराठा होता, अजून गरम.

"साहेब म्हणाले, एकट्याला एवढं जात नाही."

मी तो पुरवून पुरवून खाल्ला.

बंगळूर जवळ आल्याची घोषणा झाली आणि आमच्या रांगा खाली उतरू लागल्या. पडद्यापुढचा भाग उतरला नाही. आधी एका पायरीएवढा फरक पडला, मग माणसाच्या उंचीएवढा. मान वर करून पाहावं लागत होतं.

"पुढचे लोक उतरणार नाहीत का?" मी विचारलं.

"अपग्रेड झालेल्यांना उतरावं लागत नाही, मॅडम," हवाईसुंदरी म्हणाली, आणि माझ्या हातातली प्लेट काढून घेतली. "पट्टा बांधून ठेवा."

"त्यांना सांगाल, पराठा आवडला म्हणून?"

"सांगते," ती म्हणाली, आणि वर चढून गेली.

पडद्याच्या खालच्या फटीतून त्यांचे पाय दिसत होते. बूट काढून त्यांनी पाय लांब सोडले होते. ते खूप उंच, नखाएवढे झाले, आणि आमची चाकं जमिनीला टेकली.