सभा मोहाखालीच

किनवटच्या डोंगरातल्या एका गोंड गावात राजकन्या मडावी सरपंच झाली, तेव्हा ग्रामसेवक आप्पासाहेबांनी तिला आल्याआल्या समजावलं, "मॅडम, सभा ऑफिसात घ्यायची, मराठीत. विषय वाचायचा, हात वर, सही. अर्ध्या तासात मोकळं."

राजकन्येनं सुरुवातीला तसंच केलं. पण गावाचा परंपरेनं चालत आलेला मुखिया, म्हातारा जंगू पटेल, दाराबाहेरच उभा राही, आणि बायका तर तिकडं फिरकतही नसत.

मग पाण्याच्या टाकीचा विषय आला. जागा वरूनच ठरून आली होती, पेनठाण्याची. गोंडांचे देव जिथं राहतात ती मोहाची राई.

"चार झाडं तर जातील," आप्पासाहेब म्हणाले. "करा हात वर."

राजकन्या उठली. "सभा मोहाखाली होईल. गोंडीत होईल. चला."

"असल्या सभेचा ठराव चालत न्हाई. टाकी वापस गेली की गाव तुमच्या नावानं बोंबलंल."

"बोंबलू द्या. देव आमचा हाय, ठरवू बी आमीच."

मागं वळून न पाहता ती राईकडं निघाली.

राईत बायकाही आल्या. रीत जुनी होती. पटेलानं सुरुवात करायची, ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं आणि सगळ्यांचं जुळेपर्यंत कुणी उठायचं नाही. पहिला विरोध राजकन्येच्या घरातूनच झाला. तिची सासू सरजाबाई म्हणाली, "देव पाणी आणून देतो का? घागर माझ्या डोक्यावर हाय."

तिला कुणी गप्प केलं नाही. दिवस कलला तरी बोलणं चालूच होतं. शेवटी सरजाबाईच वैतागून म्हणाली, "मग टाकीला घ्या आमचं तुरीचं टेकाड. पण पाणी आलं पाह्यजे."

तिथं सगळ्यांचं जुळलं, पण आप्पासाहेबांनी त्या ठरावावर सही केली नाही. टाकी अडकली. उन्हाळाभर सरजाबाई सुनेला शिव्या देत झऱ्यावरून पाणी आणत राहिली.

पावसाळ्याच्या तोंडावर तालुक्याचा साहेब फेरसभा घ्यायला आला. ऑफिसात कुणीच नव्हतं. अख्खं गाव मोहाखाली बसलं होतं. शिपाई बोलवायला आला, तेव्हा राजकन्या तोंड उघडणार तोच सरजाबाई बोलली,

"साहेबाला म्हण, हिकडंच ये. अन् येताना चपला भाईर काढ."